छंदाचा प्रोग्राम लोकांपुढे ठेवताना

लिनक्सच्या टर्मिनलवर फाइलींची यादी पाहायची तर 'एलएस' ही आज्ञा द्यावी लागते. घाईत अक्षरांची अदलाबदल होऊन 'एसएल' टाइप होणं ही तिथली नेहमीची चूक. तोयोदा मासाशी या जपानी प्रोग्रामरने १९९३ मध्ये खास या चुकीसाठी एक प्रोग्राम लिहिला. 'एसएल' टाइप केलं की अक्षरं आणि चिन्हं जुळवून काढलेलं वाफेचं इंजिन धूर सोडत पडद्यावरून आडवं निघून जातं. ते मधेच थांबवायचीही सोय नाही, कारण कंट्रोल-सी दाबलं तरी दाद द्यायची नाही असं मूळ प्रोग्राममध्येच लिहून ठेवलेलं आहे. यातून कोणाचं काम सोपं होत नाही, उलट काही सेकंद खोळंबतं. तरीही डेबियन आणि उबुंटूच्या भांडारांतून हा प्रोग्राम आजही मिळतो आणि लोक तो हौसेने बसवून घेतात. असे हौशी, विक्षिप्त प्रोग्राम आपल्याकडेही कितीतरी लॅपटॉपवर पडून आहेत. कोणी पंचांगातल्या तिथी काढायचा प्रोग्राम लिहिलेला असतो, कोणी मेंढीकोट खेळणारा संगणक, कोणी मराठी शब्दकोडं. ते बाहेर येत नाहीत. लिहिणारे सांगतात की कोड अजून नीट झालेला नाही. पण त्यामागे बहुतेकदा एक भीती असते: एकदा लोकांना दिलं की जन्मभर निस्तरत बसावं लागेल. ही भीती अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. मात्र कोड देणं आणि त्याच्या सेवेला बांधून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधली रेघ सुरुवातीलाच लेखी आखता येते. ती कशी आखायची, आणि दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरबद्दल मत देताना तीच रेघ का पाळायची, हे या लेखात मांडतो आहे.

हौशी प्रोग्राम प्रसिद्ध करावेत असं म्हटलं की लिनक्सचं उदाहरण हमखास निघतं. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस तोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली, तेव्हा त्याने स्वतःच हा निव्वळ छंद आहे आणि यातून काही मोठं होणार नाही असं सांगितलं होतं. कर्लची कहाणीही तशीच. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना गप्पांच्या चॅनेलवरच्या एका बॉटसाठी चलनांचे दर इंटरनेटवरून आणायचे होते. त्यासाठी १९९६ च्या सुमारास हाती घेतलेला छोटासा प्रोग्राम वाढत वाढत १९९८ मध्ये कर्ल या नावाने आला आणि आज तो फोन, टीव्ही, मोटारी अशा असंख्य उपकरणांत आहे. यावर कोणी म्हणेल की ही लाखांतली दोन उदाहरणं झाली, बाकीच्या हजारो प्रकल्पांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच 'आपला प्रोग्राम उद्या मोठा होईल' ही आशा प्रसिद्ध करण्याचं कारण धरू नये. तशी आशा धरणारा चार महिन्यांत कोणी विचारलं नाही म्हणून खट्टू होतो आणि पुढचा प्रोग्राम दाखवतच नाही. खरं कारण वेगळं आहे. छोट्या, विचित्र प्रोग्राममध्ये लिहिणाऱ्याने एखादी अडचण कशी सोडवली याची नोंद असते, आणि ती अडचण पुष्कळदा मोठ्या कंपन्यांच्या खिजगणतीतही नसते.

मराठीच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. पाच अक्षरी शब्द ओळखण्याचा खेळ इंग्रजीत लिहायला एक दुपार पुरते. मराठीत पहिल्याच पावलाला प्रश्न पडतो: शब्दात अक्षरं किती? 'क्षत्रिय' हा शब्द घ्या. शाळेतलं मूलही सांगेल की तीन अक्षरं: क्ष, त्रि, य. पायथॉनला लांबी विचारली तर उत्तर येतं ८, कारण युनिकोडमध्ये तो क, हलन्ताचं चिन्ह, ष, त, पुन्हा हलन्ताचं चिन्ह, र, वेलांटी आणि य असा साठवलेला असतो. मग कोणीतरी सुचवतं की युनिकोडच्या अक्षरसमूहांच्या नियमाप्रमाणे तुकडे पाडा. तसे पाडले आणि वापरलेली लायब्ररी जुनी असली तर ५ येतात: क्, ष, त्, रि, य. जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला, आणि त्याप्रमाणे चालणाऱ्या लायब्ररीकडून अखेर ३ हे उत्तर मिळतं. एवढ्यावर सुटका होत नाही. 'पुऱ्या'मधला ऱ एकाच सांकेतिक क्रमांकाने लिहिता येतो, तसाच र आणि त्याखाली नुक्ता असा दोन क्रमांकांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्रामने आधी त्यांचं सामान्यीकरण केलेलं नसेल तर तुलना करताना तो त्यांना वेगळे शब्द मानतो आणि बरोबर उत्तर देणाऱ्या खेळाडूला चूक ठरवतो. हे ज्ञान कुठल्याही अभ्यासक्रमात सहसा सापडत नाही. ते असतं शब्दकोडं लिहिणाऱ्या एखाद्या हौशी माणसाच्या चाळीस ओळींत, आणि त्या चाळीस ओळी लॅपटॉपवरच राहिल्या तर पुढचा माणूस पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो. खेळ कितीही साधा असो, त्या ओळी आणि तपासणीसाठी जमवलेले आडवेतिडवे शब्द हीच खरी मोलाची गोष्ट आहे.

तेव्हा द्यायचं ठरलं. आता रेघ आखण्याचं काम, आणि ते रीडमी नावाच्या फाइलीत करायचं असतं. बहुतेक हौशी प्रकल्पांत ही फाइल एक तर रिकामी असते, नाहीतर जाहिरातीसारखी लिहिलेली असते: वेगवान, सुलभ, परिपूर्ण. दोन्ही टाळा. प्रोग्राम काय करतो हे पहिल्या दोन ओळींत सांगा, तो कशापायी लिहिला हे तिसऱ्या ओळीत. विचित्र प्रकल्पाला हे कारण फार लागतं, कारण ते कळल्याखेरीज वाचणाऱ्याला त्याकडे कसं पाहायचं तेच समजत नाही. त्यानंतर कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, भाषेच्या कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिला आहे ते लिहा आणि चालवण्याच्या आज्ञा जशाच्या तशा द्या. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे काय चालत नाही याची यादी. 'तिथीचं गणित मुंबईच्या सूर्योदयावर बेतलेलं आहे, दुसऱ्या शहरासाठी चुकेल' हे एक वाक्य दहा तक्रारी वाचवतं. आणि शेवटी पुढचा इरादा सांगून टाका. मी यात भर घालणार आहे, किंवा घालणार नाही. दुरुस्त्या स्वीकारीन, किंवा स्वीकारणार नाही. दुरुस्त्या न स्वीकारणं अनेकांना उद्धटपणाचं वाटतं. पण जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसपैकी एक असलेला एसक्यूलाइट नेमका तसाच चालतो: कोड सर्वांना खुला, अगदी सार्वजनिक मालकीचा, पण बाहेरून आलेला कोड सहसा घेतला जात नाही. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प या धोरणामुळे काही मागे पडलेला नाही. रीडमी मराठीत लिहायची की इंग्रजीत? प्रोग्राम मराठीसाठी असेल तर आधी मराठीत लिहा आणि खाली थोडक्यात इंग्रजी द्या, म्हणजे हिंदी किंवा नेपाळी देवनागरीशी झगडणाऱ्यालाही तो सापडेल.

रेघेचा दुसरा भाग परवाना, म्हणजे लायसन्स. इथे मोठा गैरसमज आहे. कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवला म्हणजे तो सगळ्यांचा झाला असं अनेकांना वाटतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. तो लिहिला जाताच लेखकाचा हक्क सुरू होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. परवान्याची फाइल नसली तर दुसऱ्याला तुमचा कोड वाचता येईल, पण आपल्या कामात वापरून पुढे वाटण्याचा हक्क त्याला नाही. म्हणजे उदारपणे दिलेली वस्तू प्रत्यक्षात कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. छंदाच्या प्रकल्पाला दोन पर्याय बहुधा पुरतात. एमआयटी परवाना जेमतेम तीन परिच्छेदांचा आहे. काहीही करा, फक्त मूळ लेखकाचं नाव आणि हा मजकूर सोबत ठेवा, एवढीच त्याची अट. जीपीएल सांगतो की यावर बेतलेलं काही पुढे वाटाल तर त्याचा सोर्स कोडही याच अटींवर द्या. आपल्या कोडमधून कोणी बंदिस्त उत्पादन बनवलं तर चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. चालत असेल तर एमआयटी, नसेल तर जीपीएल. जीपीएलमुळे धंदा बुडतो हा समज मात्र सोडा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट जीपीएलखालीच आहे आणि कंपनीचा व्यवसाय त्यावरच उभा आहे. या दोन्ही परवान्यांत एक कलम असतं आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत: सॉफ्टवेअर जसं आहे तसं दिलेलं आहे, कसलीही हमी नाही, नुकसानीला लेखक जबाबदार नाही. एमआयटीमध्ये तर शेवटचा अख्खा परिच्छेद मोठ्या लिपीत यासाठीच खर्ची घातलेला आहे. सुरुवातीला सांगितलेल्या भीतीला उत्तर म्हणून याहून ठाम काही नाही. स्वतःच्या मनाने गमतीदार परवाना मात्र लिहू नका. 'आवडलं तर चहा पाजा' हे वाचून सावध माणूस कोड घेणार नाही, कारण त्याचा कायदेशीर अर्थ काय हे त्याला सांगता येणार नाही.

प्रसिद्ध करण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. नोकरीत असाल तर नेमणुकीचा करार काढून वाचा. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो असं आपला कायदा सांगतो, आणि काही करार घरी फावल्या वेळात लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगतात. शंका असेल तर लेखी परवानगी घ्या. मग कोडमध्ये कुठे पासवर्ड किंवा एखाद्या सेवेची चावी राहिली आहे का ते पाहा. सापडली तर ती ओळ खोडून नवी नोंद करणं पुरत नाही, कारण गिटच्या इतिहासात जुनी नोंद तशीच असते. चावी आधी रद्द करा, मग इतिहास साफ करा. तिसरी गोष्ट दुसऱ्यांच्या मालाची. शब्दकोड्यासाठी एखाद्या छापील शब्दकोशातले शब्द अर्थांसह उचलले असतील तर ते तुमच्या परवान्याखाली देण्याचा तुम्हाला हक्क नाही. फॉन्टचंही तसंच आहे, पण तिथे चांगली सोय आहे: मुंबईच्या एक टाइपने बनवलेला मुक्ता हा देवनागरी फॉन्ट खुल्या फॉन्ट परवान्याखाली आहे, तो सोबत देता येतो.

आता मोठा आक्षेप. हमी नाही म्हणून हात झटकणं हा बेजबाबदारपणा नव्हे का? मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा प्रोग्राम त्याच्या लेखकाने एनपीएमच्या भांडारातून काढून घेतला आणि जगभरचे असंख्य प्रकल्प बांधणी होताना कोसळले. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात घातपाती कोड सापडला. अनेक वर्षं एकटा माणूस विनामोबदला ते सांभाळत होता. सुधारणा लवकर का होत नाहीत म्हणून त्याच्यावर दबाव आणला गेला, मदतीला आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने हळूहळू विश्वास मिळवला आणि अखेर त्याच हातांनी चोरवाट आत शिरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचं कोडं पडलं म्हणून ती उघडकीस आली. या घटनांतून 'हौशी लोकांनी अधिक जबाबदार व्हावं' असा धडा काढणारे पुष्कळ आहेत. मला तो चुकीचा वाटतो. एक्सझेडच्या बाबतीत घात झाला तो 'मला वेळ नाही' हे उत्तर कोणी ऐकून घेतलं नाही म्हणून. ज्या कंपन्यांचा कारभार या साधनांवर चालत होता त्यांनी ना माणूस दिला ना पैसा, मागण्या मात्र येत राहिल्या. अवलंबून राहणाऱ्याने आपण कशावर अवलंबून आहोत हे तपासायचं, ही जबाबदारी त्याची. देणाऱ्याची जबाबदारी दोन गोष्टींपुरती आहे: प्रकल्पाची खरी अवस्था सांगणं, आणि दिलेली वस्तू लोक वापरू लागल्यावर ती हिसकावून न घेणं. सांभाळणं जमेनासं झालं तर गिटहबवर भांडार अर्काइव्ह करता येतं. कोड सर्वांना वाचायला आणि फोर्क करायला राहतो, नव्या तक्रारी बंद होतात. रागाच्या भरात पुसून टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि अनोळखी माणसाच्या हाती चाव्या देण्याआधी, तो कितीही घाई करत असला तरी, दहा वेळा विचार करा.

देणारा बांधील नसतो हे स्वतःच्या प्रोग्रामबाबत मान्य केलं की दुसऱ्याच्या प्रोग्रामबद्दल बोलतानाही ते मान्य करावं लागतं, आणि इथेच आपल्यातले बरेच जण चुकतात. स्वतःचा कोड 'फक्त छंद' म्हणून देणारा माणूस दुसऱ्याच्या छंदातल्या चुकीवर मात्र ग्राहकाच्या आवाजात बोलतो: 'एवढं साधं कसं जमत नाही?' टीका करूच नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. ओपन सोर्सची ताकदच मुळी कोड सर्वांना तपासता येण्यात आहे. पण टीका तपासता येईल अशी असावी. कोणती आवृत्ती वापरली, कोणती आज्ञा दिली, काय अपेक्षित होतं आणि काय घडलं, एवढं लिहिलं की मत कामाचं होतं. 'अमुक एडिटर मराठीसाठी निकामी आहे' यातून कोणालाच काही करता येत नाही. 'अमुक आवृत्तीत क्ष खोडताना एक कळ दाबली तर फक्त ष जातो आणि मोडका क उरतो' यातून दुरुस्ती होऊ शकते. शिवाय असं लिहिताना पुष्कळदा लक्षात येतं की दोष एडिटरचा नसून कळफलकाचा किंवा फॉन्टचा आहे.

धोरणांवरच्या मतांनाही हीच कसोटी लावा. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये आपला जुना, मोकळा बीएसडी परवाना सोडून नवे, बंधनांचे परवाने घेतले, तेव्हा एका बाजूने 'विश्वासघात' आणि दुसऱ्या बाजूने 'फुकट्यांना धडा' असा गलका झाला. यातली वस्तुस्थिती आधी वेगळी काढावी. नव्या परवान्यांना ओपन सोर्स इनिशिएटिव्हची मान्यता नव्हती, म्हणून त्यांखालच्या रेडिसला ओपन सोर्स म्हणणं चूक होतं. जुन्या आवृत्त्या जुन्याच परवान्याखाली राहिल्या, म्हणून काही दिवसांत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की हा फोर्क उभा राहिला. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा मान्यताप्राप्त परवाना आणला. एवढं मांडल्यावर मग आपलं मत सांगावं. माझं असं आहे: क्लाउड कंपन्या फुकटच्या कोडवर कमावतात ही रेडिसची तक्रार खरी होती, पण अनेकांनी हातभार लावलेल्या कोडच्या अटी एकट्याने बदलणं हा त्यावरचा उपाय नव्हता. तुमचं मत याच्या उलट असू शकतं. वस्तुस्थिती आधी मांडलेली असेल तर आपल्या दोघांचा वाद कुठे आहे हे तिसऱ्याला तरी कळेल. आणि पैशांचा प्रश्न सुटतच नाही असंही नाही. बंगळुरूच्या झिरोधाने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. आपल्याकडच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी हा कित्ता गिरवायला हवा.

अलीकडे आणखी एक शंका ऐकू येते. असे छोटे प्रोग्राम एआय आता मिनिटात लिहून देतं, मग आपले कशाला प्रसिद्ध करायचे? पण एआय जे लिहितं ते आधी उपलब्ध असलेल्या कोडच्या आधारे. मराठी जोडाक्षरांचे, तिथींचे, आपल्या खेळांचे नीट लिहिलेले नमुने जिथे मुळातच थोडे आहेत, तिथे ते आत्मविश्वासाने चूक लिहून देतं. ही उणीव भरून निघायची तर माणसांनी लिहिलेले आणि तपासलेले नमुने बाहेर यायला हवेत. एआयची मदत घेतली असेल तर रीडमीमध्ये तसं नमूद करा आणि न समजलेला कोड स्वतःच्या नावाने देऊ नका. दुसऱ्याच्या प्रकल्पाला तर तो कदापि पाठवू नका. स्टेनबर्ग यांच्यासारखे लोक एआयने रचलेल्या खोट्या दोष-अहवालांनी जेरीस आले आहेत, कारण असा प्रत्येक अहवाल तपासण्यात खऱ्या माणसाचा वेळ जातो.

आपल्या लॅपटॉपवर पडून असलेल्या प्रोग्रामपैकी सर्वांत चांगला शोधत बसू नका. ज्याचं कारण तुम्हाला तीन ओळींत सांगता येईल तो निवडा. चाव्या काढा, परवान्याची फाइल घाला, काय चालत नाही ते लिहा आणि येत्या रविवारी तो लोकांपुढे ठेवा. मराठी मजकुराशी त्याचा संबंध असेल तर तपासणीसाठी वापरलेले शब्द सोबत वेगळ्या फाइलीत द्यायला विसरू नका, कारण पुढच्या माणसाला कोडच्या आधी तेच लागणार आहेत.